देव छापणारा माणूस

टी.ई.ला असताना ऐन सबमिशनच्या आठवड्यात कोणाच्या तरी पेन-ड्राइव्हमधून माझ्या कॉम्प्युटरमध्ये ट्रोजन शिरला आणि सगळी जर्नल्स गेली. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तर रूम-पार्टनरने वर ज्ञान पाजळलं, की ट्रोजन म्हणजे ट्रॉयचा तो लाकडी घोडा! मग काय, रात्रभर मेसच्या कट्ट्यावर ग्रीक पुराण. पायातल्या बुटाची नायके ही विजयाची देवी, मनगटावरचा टायटन म्हणजे झ्यूसच्याही आधीच्या देवांचं घराणं, आणि माणसाला चंद्रावर नेणारं अपोलो हाही देवच. अडीच हजार वर्षांपूर्वी फिडियसने ऑलिंपियाला झ्यूसची भव्य मूर्ती घडवली. ती मूर्ती कधीच नाहीशी झाली, पण दाढीवाला, सिंहासनावर बसलेला झ्यूस लोकांच्या डोळ्यांपुढे कायमचा राहिला.

तेव्हा मनात आलं, आपल्या लक्ष्मीचा चेहरा कोणी ठरवला?

उत्तर आमच्या डोंबिवलीच्या घरातच होतं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सामान आवरताना आजीच्या देव्हाऱ्यावरचा लक्ष्मीचा जुना फोटो मी रद्दीत टाकणार होतो. काच तडकलेली, कडेला ओल आलेली. काच पुसताना खाली बारीक अक्षरांत छापलेलं दिसलं : रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा. मी चाट पडलो. आपल्या कल्याणवरून जाणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यावर देव छापले जायचे? मग लायब्ररीत बसून या माणसाचा शोध घेतला.

राजा रविवर्मा यांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. लहानपणी भिंतीवर चित्रं काढली म्हणून आपण मार खाल्ला असता. याच्या मामाने मात्र भिंती पाहून भाच्याचा हात ओळखला आणि चौदाव्या वर्षी त्याला तिरुअनंतपुरमला महाराजांच्या आश्रयाला नेलं. तैलरंग तेव्हा नवे होते आणि ते शिकवायला कोणी राजी नव्हतं. 1868 साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. पोराने बघून बघून, चुकत चुकत रंग आत्मसात केले. प्रॅक्टिकलला नुसतं उभं राहून शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं. 1888 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा चित्रं सांगितली. इथे खरी अडचण आली. युरोपातले चित्रकार ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून शिकायचे, त्यामुळे व्हीनस कशी काढायची हा प्रश्न त्यांना पडत नसे. दमयंती कशी दिसते, सीता काय नेसते, हे रविवर्म्यांना कोण सांगणार? म्हणून ते भावाला, सी. राजराज वर्मा यांना, सोबत घेऊन देशभर फिरले. अखेर साडीच पक्की झाली, आणि आपल्याकडची नऊवारी त्यांच्या कितीतरी नायिकांच्या अंगावर आली. छायाप्रकाश, शरीराची ठेवण, खोली हे तंत्र युरोपचं, म्हणजे एका अर्थी ग्रीकांच्या नातवंडांचं. पण गोष्ट आपली.

आता इंजिनिअरिंगचा भाग. सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले दिवाण. त्यांनी 1884 सालीच सुचवलं होतं, की चित्रांच्या छापील प्रती काढा, एकटा माणूस मागणी पुरवू शकणार नाही. 1894 मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. तत्त्व अगदी सोपं : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फक्त तेलकट रेघांवर बसते. पण एका रंगाला एक दगड! कागद प्रत्येक दगडावर तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर देवीचं कुंकू गालावर.

1896 ला मुंबईत प्लेग आला. 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याच्या पुढच्या मळवलीला हलवला. चित्रं घरोघर पोचली, तरी धंदा मात्र बसला. कर्ज वाढलं आणि काही वर्षांतच छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. 1905 च्या सुरुवातीला भाऊ गेला, आणि 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरलाच रविवर्मा गेले. छापखाना पुढे चालू राहिला आणि 1972 मध्ये आगीत गेला. याच छापखान्याच्या कामात हात बसवलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, म्हणजे कागदावरचे देव पडद्यावर चालायला लागले.

त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. बंगालकडच्या कलावंतांना आणि अभ्यासकांना ही कला उसनी, नाटकी वाटली. मलाही एक गोष्ट खटकते. या देवी सगळ्या गोऱ्या, दागिन्यांनी मढलेल्या. आमच्या घरातल्या कोणाही बाईसारखी त्यातली एकही दिसत नाही. हाच चेहरा घरोघर गेला आणि देवाचं रूप म्हणजे असंच, हे आपण धरून चाललो.

हे मी आजीला बोलून दाखवलं. ती हसली नाही की रागावलीही नाही. तिने सांगितलं, की हा फोटो तिच्या आईने कल्याणच्या बाजारात घेतला होता. मुरबाडकडच्या त्यांच्या गावात आमच्या माणसांना देवळाच्या पायरीपर्यंतच जाऊ देत. पणजीने आयुष्यात गाभारा पाहिला नाही. दुरून नुसती घंटा ऐकली. लक्ष्मीचा चेहरा तिने पहिल्यांदा पाहिला तो या कागदावर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावताना. गोरी का काळी हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही, असं आजी म्हणाली. माझी तक्रार अजून आहे, पण त्या दिवसापासून मी ती जरा हळू आवाजात करतो.

मित्रांनो, मळवली म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांचं स्टेशन. तिथल्या चैत्यातले काही खांब सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यवनांनी, म्हणजे ग्रीकांकडच्या लोकांनी, दान दिले. नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. आपल्या कल्याण बंदराचं नावही एका जुन्या ग्रीक ग्रंथात सापडतं, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली. ग्रीक आपल्याकडे काही ट्रोजनबरोबर आले नाहीत!

फोटो नव्या काचेत घालून पुन्हा देव्हाऱ्यावर लावलाय. सुट्टीत घरी जाल तेव्हा तुमच्याकडच्या जुन्या फोटोची खालची कडही एकदा पुसून बघा.