वेल्स आणि छतावरचे गिनीपिग

मागच्या हिवाळ्यात आपल्या वसतिगृहात फ्लू पसरला आणि आठवड्याभरात आजारी-खोलीतले सगळे पलंग भरले. त्या गडबडीत एका कॅडेटच्या वडिलांचा मला फोन आला. त्यांनी घरच्या एसीत अतिनील किरणांचा दिवा बसवून घेतला होता. शाळेने तसे का करू नये, असा त्यांचा प्रश्न. मी फिजिक्स शिकवतो. 254 नॅनोमीटरचा प्रकाश जंतूंच्या डीएनएची मोडतोड करतो, एवढे मला तोंडपाठ आहे. पण त्याने माणूस आजारापासून वाचतो का, हे मला सांगता आले नाही. उत्तर शोधताना विल्यम फर्थ वेल्स भेटले.

वेल्स अमेरिकन, एमआयटीत शिकलेले, सार्वजनिक आरोग्याच्या कामातले इंजिनिअर. हवेशी त्यांचा संबंध उशिरा आला. त्याआधी ते न्यूयॉर्क राज्यात कालवांची पैदास करण्याच्या मागे होते, आणि पाण्यातली कालवांची बारीक पिल्ले वेगळी काढायला त्यांनी दुग्धालयातले गरगर फिरणारे यंत्र वापरले होते. हार्वर्डमध्ये आल्यावर तीच युक्ती त्यांनी हवेवर चालवली. हवा नळीत गरगर फिरवली की तिच्यातले जंतू कडेला चिकटतात, मग ते मोजता येतात. मला हा माणूस इथेच आवडला.

1934 साली त्यांनी मांडले की खोकल्यातले मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक थेंब पडण्याआधीच सुकतात आणि उरलेला कण जंतूसकट हवेत तरंगत राहतो. बहुतेक डॉक्टरांना हे पटले नाही. हवेतून रोग पसरतो ही कल्पना जुनी आणि मोडीत निघालेली, असे तेव्हा मानत.

पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल्यावर वेल्स आणि त्यांच्या पत्नी डॉ. मिल्ड्रेड यांनी फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वर्गाच्या वरच्या भागात अतिनील दिवे लावले, मुलांच्या डोळ्यांवर प्रकाश येऊ नये म्हणून आडोसा करून. 1941 मध्ये गोवराची साथ आली तेव्हा दिवे असलेल्या वर्गांत ती कितीतरी कमी पसरली. दोघांचे म्हणणे खरे ठरले असे वाटले. पण न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांत तोच प्रयोग केला तेव्हा तसे यश आले नाही. तिथली मुले एकाच स्कूलबसमध्ये दाटीने बसून येत, आणि बसमध्ये दिवे नव्हते. अमेरिकन नौदलाच्या प्रशिक्षण बराकींतही फरक दिसला तो माफकच. दिव्यांवरचा विश्वास उडत गेला.

वेल्स मात्र हटले नाहीत. (सहकाऱ्यांशी त्यांचे फारसे जमत नसे, असेही वाचले. हट्टाची दुसरी बाजू.) 1950 च्या दशकात त्यांचे जुने विद्यार्थी डॉ. रिचर्ड रायली यांच्यासोबत बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी शेवटचा प्रयोग उभा केला. क्षयरोग्यांच्या सहा खोल्यांतली हवा डक्टमधून वर छतावर न्यायची आणि तिथल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांतून सोडायची. रुग्ण आणि प्राणी यांच्यात हवेखेरीज काहीच सामाईक नव्हते. पहिल्या दोन वर्षांत 71 गिनीपिगांना क्षयाची लागण झाली. मग प्राण्यांचे दोन गट केले आणि एका गटाकडे जाणाऱ्या डक्टमध्ये अतिनील दिवे लावले. साध्या हवेच्या गटात लागण होतच राहिली. दिव्यांवरून आलेल्या हवेच्या गटात एकालाही झाली नाही.

तोवर वेल्स कर्करोगाने खचले होते. 1963 मध्ये ते गेले. त्यांचे नाव पुन्हा सर्वत्र ऐकू आले ते कोविडच्या काळात.

त्या वडिलांना मी नंतर फोन केला. बाल्टिमोरचा दिवा चालला, कारण गिनीपिगांपर्यंत जाणारी सगळी हवा त्याच्यासमोरून जात होती. अमेरिकेतल्या घरांत गरम-थंड हवा डक्टमधून खेळते, म्हणून तिथे असा दिवा डक्टमध्ये किंवा थंड कॉइलपाशी बसवतात. कॉइलवर बुरशी धरू नये हाही त्याचा उपयोग. पण हवा दिव्यासमोरून क्षणात निघून जाते, म्हणून तो पुरेसा जोरदार लागतो आणि पंखा चालू असेल तेवढाच वेळ त्याचा उपयोग. शेजारच्या पलंगावरचा मुलगा खोकला तर ती हवा एसीपर्यंत पोहोचण्याआधी याच्या नाकात शिरते. आपल्या भिंतीवरच्या एसीला तर डक्टच नसतो, तो खोलीतलीच हवा फिरवतो. आणि दिवा बाहेरून दिसत असेल तर तो ताबडतोब बंद करा, असेही मी त्यांना सांगितले, कारण उघड्या अतिनील प्रकाशाने डोळे आणि कातडी भाजते.

ते गप्प राहिले. मग विचारले, सर, तुम्ही वसतिगृहात काय करणार? वेल्स यांच्यासारखे आडोसा केलेले दिवे छतापाशी लावण्याचा प्रस्ताव मी लिहून दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत रात्री दोन्ही बाजूंच्या खिडक्या चार बोटे उघड्या राहतील. थंडीची तक्रार घेऊन येणाऱ्या कॅडेटला जादा ब्लँकेट मिळेल, खिडकी बंद होणार नाही.