वानखेडे सरांचा इंग्रजीचा तास

आंबेडकरी साहित्याचा इतिहास सांगायला बसलो की आपण थेट १९७२ साली जाऊन उभे राहतो. त्या साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. हे खरेच आहे आणि त्याचा अभिमान बाळगायलाच हवा. पण त्याच्या पाच वर्षे आधी औरंगाबादच्या नागसेनवनात इंग्रजीच्या एका प्राध्यापकाने जी नांगरणी केली, ती मात्र सभेतल्या भाषणातून गळून पडते. त्या प्राध्यापकाचे नाव डॉ. म. ना. वानखेडे. जन्म १९२४, निधन १९७८. म्हणजे २०२४ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. चिकलठाण्यात राहणाऱ्या मला त्यानिमित्त एकही फलक दिसला नाही. वाढदिवसाचे फलक मात्र जालना रोडवर विमानतळापासून शहरापर्यंत बारा महिने असतात.

वानखेडे सर समजून घ्यायचे तर आधी मिलिंद महाविद्यालय समजून घ्यावे लागते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कामकाजाची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दू, आणि पदवी घ्यायची म्हटली तर हैदराबाद गाठावे लागे. तिथे महारवाड्यातला मुलगा किती पोचणार? बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि लगेच १९५० मध्ये औरंगाबादला दुसरे महाविद्यालय उघडले. पुण्याला नाही, औरंगाबादला. जिथे अंधार जास्त तिथे दिवा आधी, असा हा साधा हिशेब होता. त्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनाचे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि नागसेन हा त्याला उत्तर देणारा भिक्खू. एखाद्या दानशूर शेठजीचे किंवा देवादिकाचे नाव न देता प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला देणारा संस्थापक मला तरी दुसरा माहीत नाही. वर्गात विद्यार्थ्याने काय करायचे आणि गुरुजींनी काय करायचे, ते प्रवेशद्वारावरच लिहून ठेवलेले होते.

या परंपरेत वाङ्मयाला पहिल्यापासून जागा होती. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी बाबासाहेबांच्याच सूचनेवरून 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या मुलांनी ते बाबासाहेबांसमोर करून दाखवले. संस्थेचा कारभार, संविधानानंतरचे राजकारण, धर्मांतराची तयारी, ढासळती प्रकृती, एवढे सगळे चालू असताना हा महापुरुष खेड्यातून आलेल्या पोरांचे नाटक बघायला बसतो, याचा अर्थ त्याला साहित्य म्हणजे फावल्या वेळची करमणूक वाटत नव्हती.

अशा ठिकाणी वानखेडे सर इंग्रजी शिकवीत. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि तिथून डॉक्टरेट घेऊन परतले. संशोधनाचा विषय वॉल्ट व्हिटमन हा अमेरिकन कवी आणि भारतातली तंत्रपरंपरा. निवड ध्यानात घेण्यासारखी आहे. व्हिटमनने १८५५ साली आपला पहिला संग्रह स्वतःच्या पैशाने छापला, त्याचे काही खिळे स्वतःच्या हाताने जुळवले. सुतार, नावाडी, गुलाम, वेश्या यांना त्याने कवितेत आणले, आणि यमक-वृत्त सोडून दिले. दुसरीकडे तंत्रपरंपरा म्हणजे वेद आणि वर्णाश्रम यांच्या शिस्तीबाहेर वाढलेला प्रवाह, ज्यात बौद्ध वज्रयानही येते. इंग्रजी विषयात पीएच.डी. करणारे आपले बरेच विद्वान शेक्सपिअरच्या एखाद्या पात्रावर पाचशे पाने लिहून मोकळे होत. वानखेडे सरांनी दोन देशांतले दोन बहिष्कृत प्रवाह शेजारी ठेवून पाहिले.

परंतु त्यांच्या अमेरिकावारीचे खरे फळ प्रबंधात नव्हते. ते त्या देशात होते तो काळ कसा होता? २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला कृष्णवर्णीयांचा प्रचंड मोर्चा निघाला. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला, १९६५ मध्ये मतदानाच्या हक्काचा. त्याच १९६५ च्या फेब्रुवारीत माल्कम एक्सचा खून झाला. या चळवळीच्या मागे साहित्याची मोठी फळी उभी होती. लँग्स्टन ह्यूज, रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन. मालकाच्याच भाषेत, मालकाच्या छापखान्यात, मालकाला आरसा दाखवणारे हे लेखक. आपल्याला ही ओळख अगदीच नवी होती असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, कारण कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत होते आणि आपल्यालाही तो मार्ग पाहायचा होता. वानखेडे सरांनी हाच धागा पुढे नेला, फक्त तो राजकारणातून साहित्यात आणला आणि साहित्यातून वर्गाच्या व वसतिगृहाच्या खोलीत.

परत आल्यावर ते मिलिंदचे प्राचार्य झाले. समोर विद्यार्थी कोण? मराठवाडा-विदर्भातल्या गावकुसाबाहेरून आलेली पहिली पिढी. बाप सालगडी, आई रोजंदारीवर, आणि पोरगा वसतिगृहात कंदील सोडून विजेच्या दिव्याखाली वाचतोय. त्या काळी इंग्रजी साहित्य शिकणे म्हणजे वर्डस्वर्थच्या डॅफोडिल फुलांवर माना डोलावणे. ज्याने बाभळीपलीकडे फूल पाहिले नाही त्याने डॅफोडिलचे रसग्रहण पाठ करायचे! (हा प्रकार पुढे आमच्या वेळेपर्यंत चालू होता. गाइड बदलले, फूल तेच राहिले.) वानखेडे सरांनी या पोरांना दाखवून दिले की याच इंग्रजीत तुमच्यासारख्यांचे साहित्य आहे, ते तुमच्यासारख्यांनीच लिहिले आहे आणि जगाने ते डोक्यावर घेतले आहे. मग तुमच्या वाड्यातल्या गोष्टी तुम्ही मराठीत का लिहू नयेत?

हा साधा वाटणारा प्रश्न त्या काळी स्फोटक होता. मराठी साहित्यात तेव्हा अलंकार आणि सौंदर्यशास्त्राची चर्चा पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात चाले. अण्णाभाऊ साठे, शंकरराव खरात, बाबुराव बागूल लिहीत होते, २ मार्च १९५८ ला मुंबईत दलित साहित्य संमेलनही होऊन गेले होते. पण लिहिणाऱ्याला हक्काचे व्यासपीठ नव्हते. संपादकाने साभार परत पाठवले की विषय संपला. म्हणून १९६७ मध्ये वानखेडे सर आणि त्यांचे मिलिंदमधील सहकारी यांनी 'अस्मिता' हे नियतकालिक काढले. तेच लवकरच 'अस्मितादर्श' झाले आणि मराठीचे प्राध्यापक डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते २०१८ मध्ये आपल्या निधनापर्यंत म्हणजे सुमारे अर्धशतक चालवले. अस्मितादर्शचे श्रेय पानतावणे सरांचे आहे, त्यात वाटेकरी शोधण्याचे कारण नाही. रोप लावणारा आणि ते पन्नास वर्षे पाणी घालून वाढवणारा, दोघेही लागतात. पण लावणाऱ्याचे नावच पुसले गेले तर झाड आपोआप उगवले असा समज होतो, आणि मग पुढच्या पिढीला वाटते की आपल्याला काही लावायची गरज नाही.

१९६९ च्या 'मराठवाडा'च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर जी चर्चा झाली तिच्यात वानखेडे सर होते. दलित साहित्य म्हणजे काय, त्याची प्रेरणा कोणती, ते कोणासाठी, या प्रश्नांचा मराठीत गंभीरपणे विचार सुरू झाला तो इथून. १९७६ मध्ये नागपूरच्या दलित साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. समाजाच्या दुःखाशी देणेघेणे नसलेल्या, जबाबदारी झटकून लिहिणाऱ्या लेखकाचे दिवस आता भरले आहेत, असा त्यांच्या मांडणीचा रोख असे. प्रस्थापितांना ते झोंबले. साहित्यात जात आणता, असा आरोप झाला. जणू तोपर्यंतच्या साहित्यात जात नव्हतीच!

एका मुद्द्यावर मात्र आपल्यातच वाद होता आणि तो झाकून ठेवू नये. दलित कोण? वानखेडे सरांनी व्यापक अर्थ केला. केवळ बौद्ध किंवा मागासवर्गीय एवढेच दलित नव्हेत, तर पिळवणूक होणारा प्रत्येक श्रमजीवी दलित, असे त्यांचे म्हणणे होते. राजा ढाले यांच्यासारख्यांना हा शब्दच मान्य नव्हता. ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या तो दलित कसा, आपले साहित्य फुले-आंबेडकरी साहित्य म्हणावे, अशी ही दुसरी बाजू. मी स्वतः बौद्ध कार्यकर्ता म्हणून या दुसऱ्या बाजूचा आहे. दलितपण ही अवस्था आहे, ओळख नाही. तरीही वानखेडे सरांच्या व्यापक व्याख्येमागचा हेतू आज जास्त कळतो. चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्यांच्या रांगेत बौद्ध आहे, मातंग आहे, मुसलमान आहे, आणि शेती बुडालेला मराठाही आहे. ठेकेदार त्यांना कामावरून काढताना व्याख्या विचारीत नाही.

इथेच इंग्रजीचा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो. वकिली करताना माझ्याकडे येणाऱ्या कामगारांपैकी अनेकांच्या हातात एकच प्रकारचा कागद असतो. इंग्रजीत टाईप केलेला, खाली मराठीत सही केलेला. कशावर सही केली हे त्याला माहीत नसते. वाचून पाहिले तर तो राजीखुशीने दिलेला राजीनामा निघतो. खालच्या कोर्टात मराठी चालते हे ठीक, पण उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीत आहे. ज्या खंडपीठात त्याच्या भाकरीचा निकाल लागतो, तिथे तो स्वतःची केस ऐकून समजू शकत नाही. काही मंडळी इंग्रजी ही साहेबाची भाषा म्हणून नाक मुरडतात आणि स्वतःची मुले मात्र इंग्रजी शाळेत घालतात. बाबासाहेबांनी बहुतेक महत्त्वाचे ग्रंथ इंग्रजीत लिहिले आणि वृत्तपत्रे मराठीत काढली. दोन्ही हत्यारे परजून ठेवायची असतात, हे वानखेडे सरांच्या तासातही होते. इंग्रजीतून घ्यायचे, मराठीत लिहायचे.

विद्यार्थी नेतृत्वाचेही असेच. नागसेनवनातून जी पोरे निघाली ती केवळ कवी झाली नाहीत. दलित पँथरचे नेते गंगाधर गाडे यांनी १९७७ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची मागणी लावून धरली आणि नागसेनवनातले विद्यार्थी रस्त्यावर आले. १९७८ मध्ये वानखेडे सर गेले. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. नांदेडला गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षे हा लढा टिकला तो केवळ संतापाच्या बळावर नाही. संताप सोळा महिनेही टिकत नाही. ठराव लिहिता येणारी, पत्रक काढता येणारी, सभेत उलट प्रश्न विचारता येणारी पोरे गावोगावी होती, आणि ती मिलिंदसारख्या ठिकाणी घडली होती.

योगायोग बघा, ज्या १९९४ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या विद्यार्थी निवडणुका संपवून गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. गुंडगिरी थांबवायची हे कारण दिले गेले. गुंडगिरी होती हे मी नाकारीत नाही. पण तिच्याबरोबर खेड्यातल्या पोराची पहिली सभा, पहिला जाहीरनामा, पहिला पराभवही गेला. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, २०१९ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. आता कॉलेजात नेता कसा घडतो? बाहेरच्या पक्षाच्या कार्यालयातून टी-शर्ट घेऊन.

वानखेडे सरांचे लेख त्यांच्या मागे १९८१ मध्ये 'दलितांचे विद्रोही वाङ्मय' या नावाने पुस्तकरूपात आले. वामन निंबाळकर आणि यशवंत मनोहर या दोन कवींनी ते संपादित केले. शिक्षकाचे पुस्तक पुढच्या पिढीतल्या कवींनी काढावे, याहून वेगळे प्रगतिपुस्तक त्या तासाला नको. पण वानखेडे सरांचे चरित्र म्हणावे असे काही माझ्या पाहण्यात आलेले नाही. मिलिंदमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे जुने अंक असतील, पत्रे असतील, वर्गातल्या आठवणी असतील. कुणीतरी टेपरेकॉर्डर म्हणा, मोबाईल म्हणा, घेऊन त्यांच्या घरी बसले पाहिजे, आणि हे काम या एक-दोन वर्षांतच व्हायला हवे.

चिकलठाण्यात आम्ही काही जणांनी विहारात रविवारी सकाळी इंग्रजी वाचनाचा वर्ग धरला आहे. नऊ-दहा मुले-मुली येतात, त्यातली तिघे-चौघे शिफ्टप्रमाणे आलटून पालटून. पहिले दोन महिने नेमणूकपत्र, नोटीस आणि राजीनामा एवढेच वाचले. आता एक मुलगी म्हणते की सर, आता गोष्ट वाचू या. रिचर्ड राइट घ्यावा की बाल्डविन, यावर आमच्यात एकमत झालेले नाही.