डॉ. अर्ल सदरलंड

वैरागच्या बाजारांतून जातांना अंगावर कुत्रें धावून आलें, कीं आमची छाती धडधडूं लागते व पायांत एकाएकीं बळ येतें. त्या क्षणीं अ‍ॅड्रेनॅलिन नांवाचा स्राव रक्तांत उतरून यकृतांतील साखरेचा सांठा मोकळा करवितो. परंतु पेशीच्या आंत न शिरतां तो हें काम कसें करवून घेतो, हें कोडें डॉ. सदरलंड यांनीं उलगडलें.

त्यांचा जन्म १९१५ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतीं, बर्लिंगेम या लहानशा गांवीं एका दुकानदाराच्या घरीं झाला. महायुद्धांत लष्करी डॉक्टर म्हणून सेवा करून ते संशोधनाकडे वळले.

पुढें क्लीव्हलंड येथें त्यांनीं यकृताच्या पेशी फोडून, त्यांच्या आवरणाच्या तुकड्यांत अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलें व तें द्रावण उकळलें. एन्झाइम म्हणजे पेशींतील कामें उरकणारें प्रथिन. उकळल्यानें तें निकामी होतें. तरीही ह्या उकळलेल्या द्रावणानें साखर सोडविणारें एन्झाइम जागें झालें! द्रावणांत एक निराळाच चिवट पदार्थ तयार झाला होता. तोच चक्रीय ए. एम्. पी. स्राव दारांतच थांबतो. हा निरोप्या आंत जातो. प्रथम पुष्कळांस हें पटलें नाहीं. १९७१ सालीं मात्र नोबेल पारितोषिक मिळालें.

१९७३ सालीं आणखी एक नवल प्रसिद्ध झालें. उंदराच्या कर्करोगी पेशींवर ह्याच पदार्थाचा मारा केला असतां बहुतेक मेल्या, थोड्या तगल्या. तगलेल्यांत निरोप ऐकणारें कायनेज नांवाचें एन्झाइमच उणें होतें. निरोप्या आला, पण घरांत ऐकणारा नव्हता! उणीव हीच त्यांची ढाल ठरली. औषधांस न जुमानणाऱ्या रोगांचा विचार करतां आम्हांस ही गोष्ट भयावहच वाटते.

पुढच्याच वर्षीं, ९ मार्च १९७४ रोजीं, डॉ. सदरलंड मायामी येथें वारले. तेव्हां ते ५८ वर्षांचे होते.