जगण्याची जिद्द जागवणारा वैद्य : डॉ. लुडविग गुटमन

ऑलिंपिकची सांगता झाली की काही दिवसांनी त्याच नगरीत पॅरालिंपिक स्पर्धांना प्रारंभ होतो. कृत्रिम पायांवर धावणारे, चाकाच्या खुर्चीत बसून भाला फेकणारे, दृष्टी नसताना सोबत्याच्या आधाराने शर्यत पूर्ण करणारे खेळाडू पाहून आपण थक्क होतो. या क्रीडामहोत्सवाचे मूळ मात्र क्रीडांगणावर नव्हे, तर एका रुग्णालयात आहे. ते रुजवणारे डॉ. लुडविग गुटमन स्वतः निर्वासित होते.

३ जुलै १८९९ रोजी तत्कालीन जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात त्यांचे बालपण गेले. १९१७ मध्ये रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत असताना पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट तरुण खाणकामगार त्यांनी पाहिला. हा आता काही आठवड्यांचाच सोबती, असे वरिष्ठांनी गृहीत धरले होते, आणि घडलेही तसेच. अठरा वर्षांच्या लुडविगच्या मनावर या मृत्यूचा खोल ठसा उमटला. रोग्याला दुखापतीने जितके मारले होते, तितकेच सर्वांनी सोडून दिलेल्या आशेनेही मारले होते.

१९२४ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी ब्रेस्लाव येथे मज्जासंस्थेच्या शल्यचिकित्सेत नाव मिळवले. परंतु १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सार्वजनिक रुग्णालयांची दारे बंद झाली. गुटमन ब्रेस्लावच्या ज्यू रुग्णालयात रुजू झाले व पुढे त्याचे प्रमुख बनले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर ज्यूंची घरे, दुकाने व प्रार्थनामंदिरे उद्ध्वस्त होत असताना, आश्रयाला येणाऱ्या कोणालाही परत पाठवू नये, असा आदेश त्यांनी दिला. त्या रात्री ६४ जणांना दाखल करून घेण्यात आले. दुसऱ्या दिवशी नाझी अधिकारी झडतीला आले, तेव्हा प्रत्येक खाटेपाशी उभे राहून गुटमन यांनी एकेकाचा आजार त्यांना समजावून सांगितला. त्यांतले अनेक आजार कल्पित होते. ६० माणसे छळछावणीतून वाचली. काही महिन्यांतच, १९३९ मध्ये, पत्नी व दोन लहान मुलांसह त्यांनी देश सोडला आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे आश्रय घेतला.

दुसऱ्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांची संख्या वाढू लागली. त्यांच्यासाठी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेविल येथे स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि गुटमन त्याचे प्रमुख झाले. कमरेखालचे शरीर लुळे पडलेले बहुतेक रुग्ण त्या काळी फार दिवस जगत नसत. त्यांचा मृत्यू मूळ दुखापतीपेक्षा अंथरुणात पडून होणाऱ्या जखमांनी आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने ओढवे. गुटमन यांचा उपाय दिसायला साधा, पण आचरणात अतिशय कठोर होता. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः अवेळी फेरी मारीत. त्यांची शिस्त अनेकांना जाचक वाटे, पण रुग्ण जगू लागले.

जगलेल्या माणसाने पुढे करायचे काय, हा प्रश्न त्याहून कठीण होता. रुग्णालयातच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे शिक्षण सुरू झाले. त्याच्या जोडीला खेळ आले. खेळाने दंडांत बळ येते, तोल सावरता येतो आणि मुख्य म्हणजे स्वतःविषयी वाटणारी कीव गळून पडते, हे त्यांनी ओळखले. खेळ हा त्यांच्या लेखी विरंगुळा नव्हता, उपचाराचाच एक भाग होता.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असतानाच स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतील १६ माजी सैनिकांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. पुढच्याच वर्षी, हा मेळा एक दिवस ऑलिंपिकच्या तोडीचा होईल, असा विश्वास गुटमन यांनी बोलून दाखवला. १९५२ मध्ये नेदरलँड्सचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोम येथे सुमारे ४०० खेळाडू जमले. तीच आज पहिली पॅरालिंपिक मानली जाते. १९६४ मध्ये टोकियोत चाकाच्या खुर्चीच्या शर्यतीही सुरू झाल्या. १९६६ मध्ये ब्रिटनने त्यांना 'सर' हा किताब दिला. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

हा प्रवाह महाराष्ट्राच्या मातीपर्यंतही पोहोचला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जबर जखमी झाले आणि त्यांच्या कमरेखालचे शरीर निकामी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ज्या जर्मनीने गुटमन यांना परागंदा केले, त्याच जर्मनीत हे घडले. २०१६ मध्ये रिओ येथे तामिळनाडूच्या मारियप्पन थंगवेलू यांनी उंच उडीत सुवर्णपदक पटकावले, तर २०२४ मध्ये पॅरिस येथे सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवले.

प्रत्येक शाळेत एखादे मूल खेळाच्या तासाला पायरीवर बसून इतरांचे दप्तर सांभाळत असते. त्याला मैदानात कसे आणावे, याचा विचार पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून करायचा आहे. गुटमन यांच्या चरित्राचा आपल्यासाठी हाच अर्थ आहे.