पॉली उम्रीगर: सोलापूरचा थोर खेळाडू

नवी पेठेत क्रिकेटचा विषय निघाला की आपण सोलापूरकर पॉली उम्रीगर यांचे नाव अभिमानाने घेतो. मात्र १९५२ सालच्या त्यांच्या इंग्लंड दौऱ्याचा उल्लेख सहसा टाळतो. ते उचित नव्हे, असे मला वाटते.

पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांचा व्यवसाय कपड्यांचा. गिरण्यांच्या या नगरीत त्यात नवल ते काय! पॉली शाळेत असतानाच कुटुंब मुंबईस गेले. १९४४ मध्ये पंचरंगी सामन्यांत पारशी संघातर्फे ते प्रथम खेळले. (त्या काळी संघ धर्मानुसार असत, विजय हजारे यांच्यासारखे आपले ख्रिस्ती खेळाडू ‘इतर’ या संघातून खेळत.)

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. त्यात उम्रीगर यांच्या नाबाद १३० धावा होत्या. त्यानंतर काही महिन्यांतच इंग्लंडमध्ये फ्रेड ट्रूमन यांच्या वेगापुढे हा उंचापुरा, बलदंड फलंदाज खचला. चेंडू येण्यापूर्वीच त्यांचा पाय यष्टीपासून दूर सरके. सात डावांत अवघ्या ४३ धावा! त्याच दौऱ्यातील इतर सामन्यांत त्यांनी तीन द्विशतके केली होती, म्हणजे कौशल्य मुळीच उणे नव्हते. उणे होते ते धैर्य. परदेशात त्यांची थट्टा झाली आणि ती त्यांना दीर्घकाळ चिकटून राहिली.

पुढच्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी पाच कसोटींत ५६० धावा केल्या. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले.

स्वभाव मानी होता. जानेवारी १९५९ मध्ये मद्रास कसोटीच्या आदल्या रात्री, संघनिवडीत आपला शब्द डावलला गेला म्हणून त्यांनी कर्णधारपद सोडले. तत्त्व त्यांच्या बाजूस होते, हे मी मान्य करतो. तरी सहकाऱ्यांना अशा वेळी नेत्याविना ठेवणे मला पटत नाही. सामन्यात मात्र ते फलंदाज म्हणून खेळले.

१९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात बार्बाडोस येथे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू आदळून त्यांच्या प्राणांवर बेतले. संघ हादरला होता. समोर वेस्ली हॉल यांच्यासारखा भेदक वेगवान गोलंदाज होता. दहा वर्षांपूर्वी मागे सरकलेले उम्रीगर तेव्हा छत्तिशीत होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, शिवाय एका डावात पाच बळी घेतले. भारत तरीही हरला.

त्या मालिकेनंतर ते निवृत्त झाले. ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतके, हे तिन्ही तेव्हाचे भारतीय विक्रम होते. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.