मेजर अर्थशास्त्र, मग मानववंशशास्त्र कशाला? बाबासाहेबांच्या विषय निवडीची गोष्ट

खामगाव : पदवीच्या प्रवेश अर्जात मेजरचा रकाना बहुतेकांचा लगेच भरून होतो. गाडी अडते ती मायनरला. कॉमर्सच्या मुलाने इतिहास म्हटलं की घरातून विचारणा होते, याचा उपयोग काय? केमिस्ट्रीच्या मुलीला मैत्रिणी सांगतात, ज्यात मार्क पडतात ते घे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्याने २०२३ मध्ये आराखडा आणला. त्यात तीन वर्षांच्या पदवीच्या १२० ते १३२ क्रेडिटपैकी १८ ते २० क्रेडिट मायनरची आहेत. म्हणजे साधारण सातवा हिस्सा. नुसती सही करून सोडून देण्याइतका हा आकडा छोटा नाही.

मुख्य विषयाला जोड कशाची द्यायची, हा प्रश्न ११० वर्षांपूर्वी एका मराठी विद्यार्थ्यासमोरही होता. त्याच्याकडे शिष्यवृत्तीची मोजकी तीन वर्षं होती, डोक्यावर नोकरीच्या कराराचं ओझं होतं आणि चुकीला जागा नव्हती. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचं आयुष्य सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोणत्या विषयाला त्यांनी कोणता विषय जोडला आणि त्यातून पुढे काय निघालं, या बाजूने ते फारसं सांगितलं जात नाही.

संस्कृत हवं होतं, फारशी मिळाली

जन्म १४ एप्रिल १८९१, महू. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील रामजी सुभेदार लष्करात होते, आणि मुलाच्या शिक्षणावर त्यांचा जीव होता. साताऱ्यात शाळा सुरू झाली, पुढे कुटुंब मुंबईत आलं. १९०७ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले.

शाळेत दुसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला मुलगा म्हणून ते नाकारलं गेलं, आणि फारशी घ्यावी लागली. विषय निवडणं हा हक्क असतो, तो सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे त्यांना कळलं ते असं. संस्कृत ग्रंथांपर्यंत ते पुढे स्वतःच्या प्रयत्नाने आणि भाषांतरांच्या मदतीने पोचले. शूद्र कोण होते, या प्रश्नावरचं त्यांचं पुस्तक १९४६ मध्ये आलं, ते त्याच ग्रंथांच्या अभ्यासावर उभं आहे. शाळेने ज्या विषयाचं दार लावलं, त्यावर त्यांनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पुस्तक छापलं.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी आधी कॉलेजसाठी आणि नंतर परदेशासाठी मदत केली. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. जूनमध्ये करारावर सही झाली : तीन वर्षं अमेरिकेत शिकायचं आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय २२.

६० कोर्सचा हिशेब

मेजर होता अर्थशास्त्र. पण कोलंबियात त्यांनी केलेल्या कोर्सची यादी पाहिली की चित्र वेगळं दिसतं. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. बेरीज ६०. इंजिनिअरिंग झालेल्या माणसाला टक्केवारी काढायची खोड असते, म्हणून काढली : अर्थशास्त्र निम्म्याहून किंचित कमी भरतं. बाकी सगळी जोड.

यादी पसरलेली दिसते, पण विस्कळीत नाही. वसाहतीचा पैसा कुठून येतो नि कुठे जातो हे अर्थशास्त्र सांगतं, पण ही व्यवस्था कशी उभी राहिली हे कळायला इतिहास लागतो. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार यावरचं त्यांचं १९१५ मधलं लेखन या दोन विषयांच्या सांध्यावरच आहे. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना एम.ए. मिळाली.

शिक्षकही तसेच लाभले. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई, समाजशास्त्राला फ्रँकलिन गिडिंग्ज. ड्यूईंच्या विचारांची छाप बाबासाहेबांच्या लोकशाहीविषयीच्या लिखाणावर शेवटपर्यंत राहिली, असं अभ्यासक मानतात. पाच कोर्सच्या विषयातून हे आलं.

चार कोर्समधून एक निबंध

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अर्थशास्त्राच्या मुलाला मानववंशशास्त्र कशाला हवं?

९ मे १९१६. प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. २५ वर्षांच्या भीमरावांनी तिथे भारतातील जातींवर निबंध वाचला : जात कशी चालते, कुठून येते, कशी वाढते. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला.

निबंधाची मांडणी अशी. जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीतच लग्न करण्याचं बंधन. आता एखाद्या गटाने बाहेर लग्न बंद केलं, तर आतमध्ये लग्नाच्या वयाच्या स्त्रिया आणि पुरुषांची संख्या जुळलेली राहायला हवी. पण नवरा आधी वारला तर एक स्त्री वरकड ठरते, बायको आधी वारली तर एक पुरुष. हा वरकडपणा मिटवला नाही तर माणूस गटाबाहेर लग्न करील आणि गट फुटेल. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा त्यांनी या तिढ्यावर काढलेल्या निर्दय तोडग्यांसारख्या वाचून दाखवल्या. विधुराला तरुण मुलगी द्यायची, विधवेला जाळायचं किंवा तिचं पुन्हा लग्न होऊ द्यायचं नाही. आणि वरच्या गटाने दार लावल्यावर इतरांनी अनुकरणाने आपापली दारं लावली.

नीट पाहा, हा युक्तिवाद विषयाने मानववंशशास्त्राचा आहे, पण त्याचा सांगाडा अर्थशास्त्राचा आहे. वरकड काय उरतं, ताळेबंद कुठे जुळत नाही, तो जुळवायला कोणाची किंमत मोजली जाते, हे प्रश्न २९ कोर्स केलेल्या मुलाला सुचले. नुसतं मानववंशशास्त्र शिकलेल्याला कदाचित ते या रीतीने सुचले नसते, आणि नुसतं अर्थशास्त्र शिकलेल्याने तर जात हा अभ्यासाचा विषयच धरला नसता. मायनर निवडताना पाहायचं ते हे. दुसरा विषय सोपा आहे का, यापेक्षा आपल्या मुख्य विषयाची हत्यारं तिथे लावता येतील का, आणि आपल्या मनात आधीपासून सलणारा प्रश्न तिथे विचारता येईल का, हे महत्त्वाचं. साताऱ्याच्या वर्गात वेगळं बसावं लागलेल्या मुलाकडे असा प्रश्न होताच.

खामगावच्या कापसाशी काय संबंध?

थोडा आहे, आणि मजेदार आहे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. जलंब ते खामगाव हा छोटा रेल्वे फाटा तेव्हा सुरू झाला, कारण इथला कापूस मुंबईच्या मुख्य मार्गावर लवकर पोचवायचा होता. याच मेयोंनी त्याच वर्षाच्या अखेरीस प्रांतांकडे काही खाती आणि त्यांचा ठरावीक निधी सोपवण्याचा निर्णय घेतला. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेची सुरुवात तिथून मोजतात, आणि बाबासाहेबांच्या कोलंबियातल्या पीएचडीचा विषय नेमका हाच होता. हा प्रबंध १९२५ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाला, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. पदवी १९२७ मध्ये मिळाली.

दुसरा धागा रुपयाचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. रुपया स्वस्त असावा, म्हणजे निर्यात वाढते, असं त्या काळात व्यापारी वर्ग म्हणत होता. बाबासाहेबांनी विचारलं की हा फायदा येतो कोणाच्या खिशातून. उदाहरण आपल्या गावाचं घेऊ. रुपया घसरला तर पौंडात कापूस विकणाऱ्याला जास्त रुपये मिळतात. पण बाजारातले भावही चढतात, आणि जिनिंगमधल्या मजुराची मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या नफ्याचा एक भाग मजुराच्या घटलेल्या कमाईतून येतो. चलनाच्या पुस्तकात मजूर आणून बसवणं ही जोडविषयांची करामत, असं मला वाटतं.

१९२५ मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. रिझर्व्ह बँक त्यांनीच स्थापन केली, असे मेसेज दर एप्रिलमध्ये फिरतात. ते वाढवून सांगणं आहे. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, बँक १९३५ मध्ये सुरू झाली, आणि त्या आयोगापुढे बाजू मांडणाऱ्यांत बाबासाहेब होते. एवढंही पुरेसं मोठं आहे.

मग वकिली कशासाठी?

१९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. करारानुसार ते बडोद्याला गेले, पण जात कळताच राहायला जागा मिळेना आणि कचेरीत शिपाईही अंतर ठेवून वागू लागले. काही दिवसांतच त्यांनी बडोदा सोडलं. कोलंबियाची पदवी, दोन खंडांतला अभ्यास, आणि डोक्यावर छप्पर नाही.

नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले. पगारातून बचत केली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज मिळालं, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. कायदा हा त्यांच्या ६० कोर्सच्या यादीत नव्हता. तो त्यांनी घेतला, कारण वकिलीत वरिष्ठाची मर्जी सांभाळावी लागत नाही, पोट भरतं आणि चळवळीला वेळ उरतो. हा व्यवहार होता, आणि त्यात कमीपणा काही नाही. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचा दावा दहा वर्षं कोर्टात चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकाली काढला.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. केंद्र आणि राज्यांत कराचा पैसा कसा वाटायचा, यासाठी कलम २८० मध्ये वित्त आयोग आहे. तो एकट्या कोणाचा नाही, पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने याच प्रश्नाच्या इतिहासावर पीएचडी केली होती. १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना बोलावून मानद पदवी दिली, ती कायद्याची. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

अर्ज भरताना

बाबासाहेबांना कोलंबियात जेवढे विषय उघडे होते, तेवढे खामगाव, शेगाव किंवा बुलडाण्याच्या कॉलेजात नसतात, हे खरं आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या चौकटीत प्रत्येक कॉलेजची बास्केट वेगळी, आणि शिकवायला प्राध्यापक असेल तरच विषय मिळतो. म्हणून अर्जाआधी कार्यालयात तीन गोष्टी विचाराव्यात : मायनर कोणत्या सेमिस्टरपर्यंत पक्का करावा लागतो, नंतर बदलता येतो का, आणि दुसऱ्या शाखेतला विषय मायनर म्हणून मिळतो की फक्त ओपन इलेक्टिव्ह म्हणून. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. म्हणजे मायनरला मनासारखा विषय नसेल, तर कॉमर्सच्या मुलाला इतिहास तिथून घेता येतो.