योझेफ गोबेल्स

योझेफ गोबेल्स (२९ ऑक्टोबर, १८९७ – १ मे, १९४५) हा नाझी जर्मनीचा प्रचारमंत्री होता. तेथील वृत्तपत्रे, नभोवाणी, चित्रपट व कला राज्यसत्तेच्या अंकित करण्यात त्याचा मोठा वाटा होता.

पूर्वायुष्य

ऱ्हाइनलँडमधील राइट येथे एका कॅथलिक कुटुंबात त्याचा जन्म झाला. पायातील व्यंगामुळे पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात प्रवेश मिळाला नाही. १९२१ साली त्याने हायडेलबर्ग विद्यापीठातून साहित्यात डॉक्टरेट मिळवली. परंतु लेखक वा पत्रकार म्हणून स्थिरावण्याचे त्याचे प्रयत्न फसले. पुढे तो नाझी पक्षाकडे वळला. १९२६ मध्ये बर्लिनमधील पक्षसंघटनेची सूत्रे त्याच्याकडे आली.

प्रचारमंत्री

मार्च १९३३ मध्ये तो मंत्री झाला. १० मे रोजी विद्यार्थ्यांनी बर्लिनमध्ये फ्रॉइड, रेमार्क आदींच्या पुस्तकांची होळी केली, तेव्हा त्याने तेथे भाषण केले. मात्र पुस्तके जाळण्यापेक्षा परवानापद्धती अधिक परिणामकारक ठरली. सप्टेंबर १९३३ मध्ये साहित्य, संगीत, नाट्य, चित्रपट, ललितकला, वृत्तपत्रे व नभोवाणी या सात विभागांचे संस्कृतिमंडळ स्थापन झाले. त्याच्या सदस्यत्वाविना कलावंताला व्यवसाय करता येत नसे. ज्यू कलावंतांना त्यातून वगळण्यात आले. ऑक्टोबरमधील संपादक कायद्याने संपादक शासनाला उत्तरदायी झाले. काय छापावे व काय टाळावे, याच्या गुप्त सूचना पत्रकारांना रोज मिळत. ७६ मार्क किमतीच्या स्वस्त रेडिओसंचामुळे शासनाचा आवाज घरोघरी पोहोचला. उघड प्रचाराचा लोकांना कंटाळा येतो हे जाणून त्याने करमणूकप्रधान चित्रपटांना उत्तेजन दिले. १९३६ मध्ये कलासमीक्षेवर बंदी आली.

नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूंविरुद्धच्या देशव्यापी हिंसाचाराला त्याने चिथावणी दिली. १९४० च्या ‘यूद झ्युस’ या ज्यूद्वेषी चित्रपटामागेही त्याचीच प्रेरणा होती.

अखेर

स्टालिनग्राडच्या पराभवानंतर, १८ फेब्रुवारी १९४३ रोजी, निवडक श्रोत्यांसमोर त्याने सर्वंकष युद्धाचे आवाहन केले. हिटलरच्या आत्महत्येच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या सहा मुलांना विष देण्यात आले. नंतर त्याने व पत्नी माग्डाने आत्महत्या केली.

प्रभाव

मराठीत खोट्या प्रचाराला ‘गोबेल्स तंत्र’ म्हणण्याचा प्रघात आहे. असत्य वारंवार सांगितल्यास सत्य भासते, या आशयाचे वचन त्याच्या नावे सांगितले जाते; परंतु त्याच्या उपलब्ध लेखनात वा भाषणांत ते आढळलेले नाही.